सहा मिनिटांची परवानगी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी सुधीर उतेकरला त्याच्याच वाक्यानं अडवलं. वाक्य साधंच होतं, 'हा अहवाल पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही', आणि वर्षापूर्वी ते लिहिताना त्यानं अर्धा दिवस घालवला होता. 'अधिकार नाही' म्हटलं तर माणूस दुखावतो, 'प्रवेश नाही' म्हटलं तर कचेरीच्या दारावरची पाटी वाटते, म्हणून 'परवानगी'. 'तुम्हाला' घालायचं की गाळायचं यावर तर त्यानं बायकोचं, ज्योतीचंही मत घेतलं होतं. ज्योती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, घाल की, नाही म्हणायचंच तर तोंडावर म्हणावं. आणि आता ते तोंडावर म्हटलं गेलं होतं. महाडच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एक्स-रेच्या फिल्मा वाळत टाकलेल्या दोरीखाली, तो कॉम्प्युटरपुढे बसला होता. यादी उघडायला फार वेळ लागतो अशी तक्रार आली म्हणून आला होता, आणि यादी तपासता तपासता पोलादपूर शाखेच्या नावांत त्याला एक नाव दिसलं होतं. धोंडूबाई महिपत उतेकर, वय एकसष्ट. दिवाळीपासून चार भेटी. तिसऱ्या भेटीपुढे 'नमुना मुंबईस पाठवला', चौथीपुढे 'अहवाल आला'. तोवर त्याचं बोट दाबून गेलं होतं. आपली आई आजारी आहे हे त्याला असं कळलं, आणि काय झालंय ते कळायच्या आत दार बंद झालं.

पहिल्यांदा त्याला राग आला, तो यादीचा. नाव दुसऱ्या कुणाचं असेल म्हणावं तर धोंडूबाई महिपत उतेकर या जगात एकच होती, आणि ती आंबेनळी घाटाच्या अंगाला, पोलादपुरापासून जीपनं वीस मिनिटं आणि पुढे पायी पाऊण तास वर, दोन म्हशी आणि एक वासरू घेऊन राहत होती. महाडात मुलाकडे राहायला ये म्हटलं की म्हशींचं नाव पुढे करत होती. दिवाळीनंतर एकदा ती आली होती खरी. गाठोड्यात नाचणीचं पीठ, लोणकढं तूप. बाजाराला आले होते, म्हटलं तुम्हाला बघून जावं, असं म्हणाली होती. सुधीरनं तारीख आठवून पाहिली आणि पडद्यावरच्या दुसऱ्या भेटीच्या तारखेशी ताडली. तीच. त्या दिवशी तिनं दोन कप चहा प्याला होता, ज्योतीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली होती आणि निघताना पदर दंडावर घट्ट ओढून घेतला होता. तिथे सुई टोचली असणार, हे त्याला आज समजत होतं. त्या वेळी तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता. स्कोअर काय होता तेसुद्धा त्याला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

दवाखाना ट्रस्टचा. मुख्य इमारत महाडात, पोलादपुरात एक शाखा, जिथे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस बसत, आणि अवघड तपासण्या मुंबईच्या लॅबकडे. या तिन्ही ठिकाणचे कागद इंटरनेटवरून एकाच जागी दिसावेत, हे काम सुधीरला मिळालं होतं. मुंबईतली नोकरी सोडून महाडात परतल्यावरचं हे त्याचं पहिलं मोठं काम. कागद साठवणं सोपं होतं. कुणाला काय दिसावं, हे अवघड. डॉक्टरांच्या मते त्यात अवघड काही नव्हतं: डॉक्टरला सगळं, काउंटरवरच्या मुलीला नाव-गाव, आणि नातेवाइकांना ते विचारतील ते. सुधीर इथेच अडून बसला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये चार टेबलं, म्हणजे तक्ते, मांडली. पहिल्यात माणसं, दुसऱ्यात त्यांची कामं, तिसऱ्यात कुठल्या कामाला काय काय बघता-बदलता येतं ते, आणि चौथं, ज्यासाठी तो भांडला ते, कुठल्या रुग्णानं कुणाला आपला कागद बघू दिला त्याचं. या चौथ्या टेबलाचे नियमही त्याचेच होते. ज्याचं नाव लिहिलेलं नाही, त्याला नाही. नाव घातल्यावर रुग्णाला वाचून दाखवायचं. आणि लिहिलेली ओळ कधी पुसायची नाही. रुग्णाचं मन बदललं तर त्याच ओळीपुढे 'मागे घेतली' म्हणून वेळ टाकायची. त्या मीटिंगला ट्रस्टची दोन म्हातारी माणसं होती, त्यातलं एक म्हणालं, अहो, पोटच्या मुलाला कसली परवानगी? सुधीर उभा राहिला होता. आवाज जरा चढला होता त्याचा. "नातं म्हणजे परवानगी नव्हे," तो म्हणाला होता. घरी जाऊन त्यानं ते ज्योतीला अभिमानानं सांगितलं होतं. आज त्या अभिमानाकडे बघवत नव्हतं.

पण तो उगीच नव्हता बोलला. त्या वाक्यामागे शहाण्णव साल होतं. तेव्हा सुधीर मुंबईत होता. वाडीतल्या पुरुषांची मिळून मुंबईत एक खोली होती, नोकरीला लागलेला जो तो तिथे पथारी टाकायचा. खाली किराणा दुकानात फोन होता. गावाकडून त्या फोनवर मेल्याची बातमी कधी येत नसे. 'आजारी हाय, निघून या' एवढंच येई, म्हणजे माणूस वाटेत कोसळायला नको. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असे, सांगणाऱ्यालाही ठाऊक असे की त्याला ठाऊक आहे, आणि हे असं पिढी दोन पिढ्या बिनबोभाट चाललं होतं. तर त्या जानेवारीत एका सकाळी चांगूकाकाचा, वडिलांच्या धाकट्या भावाचा, फोन आला. महिपत आजारी हाय, सुधीरला घेऊन या. खोलीतले रावजीकाका वर आले, सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला. पुढची तयारी आपोआप झाली. जीप ठरली. सात माणसं निघाली. रावजीकाका वाटेत पेणला उतरले आणि पिशवीत काहीतरी घेऊन आले. ते कोरं कापड होतं हे सुधीरला न बघता कळलं. तो रडला तो पेणपासून माणगावपर्यंत, मग डोळे कोरडे झाले, मग महाड ओलांडल्यावर पुन्हा रडला. दिवस कलताना सातही जण डोंगर चढून वाडीत पोचले, खाली माना घालून, आणि घरासमोर आले. ओट्यावर वडील बसले होते. वाखाची दोरी वळत.

ती दोरी सुधीरला अजून दिसते. अर्धी वळलेली, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. वडिलांनी सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली, सुधीरचं सगळ्यांत शेवटी, आणि ते म्हणाले, "कोन गेला रे?" रावजीकाकांनी पिशवी पाठीमागे नेली, पण कापडाचा कोपरा बाहेर आलेला होता. चांगूकाका गोठ्यातून धावत आले, आणि त्यांच्याही लक्षात सगळं आलं. ते बिचारे खरंच सांगत होते. महिपत खरंच आजारी होता. पोटात गाठ होती, आणि तेव्हाच्या डॉक्टरनं ते एकट्या चांगूकाकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, रोग्याला कळू देऊ नका असं बजावून. म्हणजे वाडीला ठाऊक होतं, आता मुंबईलाही ठाऊक झालं होतं, आणि ज्याच्या पोटात गाठ होती तो दोरी वळत होता. वडिलांनी दोरी खाली ठेवली. आईला म्हणाले, पाणी दे गो त्यांना, लांबून आलेत. त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सुधीर बावीस दिवस त्यांच्याजवळ बसला. सगळं ठीक आहे, पुढच्या महिन्यात तुम्हाला मुंबईला नेतो, वगैरे बोलत राहिला, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. जेवण त्यांनी तिसऱ्या दिवशीच टाकलं होतं. रावजीकाकांनी ते कापड माळ्यावर ठेवलं होतं, दुसरं आणावं लागलं नाही.

तेव्हापासून त्याच्या मनात घर करून होतं, की माणसाचं दुखणं त्याच्याआधी दुसऱ्याला कळणं ही एक प्रकारची चोरी आहे. पुढे टेबलं मांडायला शिकल्यावर त्यानं त्या चोरीचा बंदोबस्त केला, आणि बंदोबस्त पक्का झाला. इतका पक्का, की आता त्यातून आत शिरायला त्यालाच फट नव्हती. मुख्य पासवर्ड त्यानं काम सोपवताना पाकिटात घालून डॉक्टरांच्या हाती दिला होता, आणि तो बदलून घ्या, मलासुद्धा सांगू नका, असं दोनदा बजावलं होतं. त्याच्याकडे उरलं होतं ते देखभालीचं लॉगिन, ज्यातून नावं दिसत, तारखा दिसत, परवानगीच्या ओळी दिसत, कागद दिसत नसत. त्यानं परवानगीच्या ओळी उघडल्या. आईच्या नावापुढे दोन होत्या. एक चालू: साळूबाई उतेकर, नातं शेजारीण. दुसरी बंद: सुधीर महिपत उतेकर, नातं मुलगा. परवानगी दिली, अकरा चाळीस. मागे घेतली, अकरा शेहेचाळीस. तो त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. दिवाळीनंतरच्या त्या एका सकाळी सहा मिनिटं त्याला परवानगी होती. त्या सहा मिनिटांत तो काय करत होता? बहुधा आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रिंटरची शाई भरत होता. ओळी पुसू दिल्या असत्या तर निदान हे तरी त्याला दिसलं नसतं. नुसतं नाव नाही, एवढंच दिसलं असतं, आणि म्हातारीला सुचलं नसेल, असं म्हणून मनाची समजूत घालता आली असती.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि तो काय विचारणार हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून आधीच मान हलवली. त्यांच्यासमोर तोच कागद होता की दुसऱ्या कुणाचा, हे सुधीर उलट्या अक्षरांतून लावायचा प्रयत्न करत राहिला. मीटिंगची आठवण डॉक्टरांनी करून दिली नाही, हा त्यांचा चांगुलपणा. ते एवढंच म्हणाले की आईंना विचारा, त्या हो म्हणाल्या तर पोलादपूरला काउंटरवरची नूतन एक ओळ वाढवेल, दोन मिनिटांचं काम. निदान काळजीचं आहे की नाही एवढं तरी, असं सुधीर म्हणाला. डॉक्टर म्हणाले, तेवढं सांगणं म्हणजेच सगळं सांगणं नाही का? हेही सुधीरनंच त्यांना पटवून दिलेलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडताना त्याला एखाद्या चुकलेल्या मुलासारखं रडू आलं. चौतिसाव्या वर्षी, भर बाजारात, भाजीच्या गाड्यापुढे.

पोलादपूर शाखेत नूतन काउंटरला एकटीच होती. तिनं त्याला पाहिलं आणि हातातलं पेन उगीचच टोपणात घातलं. सुधीरनं फार आढेवेढे न घेता त्या सहा मिनिटांचं विचारलं. नूतन खाली बघून बोलू लागली. "दादा, चूक माझीच. मी न विचारता मुलगा म्हणून तुमचं नाव टाकलं. प्रोग्रॅम तुमचाच, म्हटलं आईंना बरं वाटेल. मग तुम्ही शिकवलं होतं तसं वाचून दाखवलं." सुधीरनं विचारलं, मग काय म्हणाली? "म्हणाल्या, ते नाव काढ. मी म्हटलं, मावशी, मुलगा आहे तुमचा. तर म्हणाल्या, म्हणूनच काढ." साळूबाई शेजारी बाकावर बसली होती, तिचं नाव घाल म्हणाल्या. सुधीरनं मान डोलावली. नूतनला वाटलं असावं की तो रागावेल. तिला ठाऊक नव्हतं की रागवायला माणसाकडे थोडीतरी खात्री लागते.

घाटाच्या वळणावर जीप थांबली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. थंडीचे दिवस असूनही चढणीवर घाम फुटला. शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून बघितला, रेंज गेलेली होती. या वाटेनं तो लहानपणी शाळेला जायचा, याच वाटेनं त्या जानेवारीत सात जण खाली माना घालून चढले होते, आणि आता आपण तशीच मान खाली घातली आहे हे लक्षात येताच त्यानं ती वर केली. आईशी काय बोलायचं ते त्यानं जुळवून पाहिलं. रागावून बोलावं, तर तिचं बरोबर होतं. हात जोडावेत, तर ती घाबरेल. कायद्यानं बोलावं, तर कायदा त्याचाच आणि तिच्या बाजूचा. निम्म्या वाटेवर त्यानं एक गोष्ट मात्र पक्की केली, की काहीही झालं तरी हसत घरात शिरायचं. तेवढं आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं. वाडीच्या अलीकडच्या ओहळावर थांबून त्यानं तोंड धुतलं, रुमालानं पुसलं, आणि हसून पाहिलं. आंब्याखाली एक गुराखी बसला होता, तो त्याच्याकडे बघत राहिला.

ओट्यावर आई आणि साळूबाई नाचणी पाखडत बसल्या होत्या. साळूबाईनं त्याला आधी पाहिलं, सूप खाली ठेवलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "येते गो मी," असं म्हणून ती त्याच्या बाजूनं गेली, जाताना त्याच्या दंडाला हात लावून. सगळं ठाऊक असलेला हात. त्या निरक्षर म्हातारीचा सुधीरला असा हेवा वाटला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आईनं विचारलं, असा मधेच कसा, ज्योतीचं बरं हाय ना, जेवलास का. त्यानं सगळ्याची उत्तरं हसत दिली. ती वाळली होती. गालाची हाडं वर आली होती, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकत होत्या. दर पंधरवड्याला येणारा मुलगा तो, त्याला हे दिसलं नव्हतं. की दिसलं होतं आणि वय म्हणून त्यानं सोडून दिलं होतं? तो तिच्यासमोर साळूबाईच्या जागी बसला. सूप हातात घेतलं. मग म्हणाला की मी यादी बघितली. आईचे हात थांबले नाहीत. नाचणी वर जात होती, खाली येत होती, फोलपट उडत होतं.

"माझं नाव का काढलंस, आये?"

"बगितलंस होय." ती थोडा वेळ पाखडत राहिली. "त्या पोरीनं बरोबर लिवलं म्हंजे. मला वाटलं, नुसतं हो म्हणाली."

त्यानं तिला समजावलं, जमेल तितक्या शांतपणे. उपचार असतात. मुंबईत मोठे डॉक्टर त्याच्या ओळखीचे आहेत. काय आहे तेच कळलं नाही तर तो करणार काय? फक्त एकदा हो म्हण, उद्या खाली जाऊ, ती मुलगी नाव घालेल. साळूकाकीला सांगितलंस, तिला काय कळतं त्यातलं? आई ऐकत होती. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"साळूला कळत नाय म्हणून तर ठेवली," ती म्हणाली. "ती ऐकते, नि घरी जाऊन भाकऱ्या थापते. तुजं तसं नाय. तू त्या दिवशी हितं आलास ना, तुज्या बापासमोर, तवा मी दारात हुते. त्यांना कुनी सांगितलं नव्हतं रे. डागदरानं नाय, चांगूनं नाय, मी नाय. त्यांनी तुज्या तोंडावर बगितलं. नि मग बावीस दिस रोज बगत हुते. तुजा दोष नाय. पन मला तसं नको. जितके दिस हायत तितके दिस मला तुजं तोंड बगायचंय. त्याच्यावर माजं मरान नको बगायला."

अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी सुधीर स्वतःला खात होता ती तिलाही ठाऊक होती, आणि अकरा वर्षं तिनं ती त्याला कळू दिली नव्हती. मग तो लहान मुलासारखा हट्टाला पेटला. म्हणाला, मी तोंडावर काही येऊ देणार नाही. मी आता मोठा आहे. बघ, आल्यापासून हसतोय मी, तुला कळलं तरी का काही? खरंच, आल्यापासून मी साधाच आहे की नाही, तूच सांग.

आई जवळ सरकली. तिनं त्याची हनुवटी धरली, तो शाळेतून मार खाऊन आला की धरायची तशी, आणि तोंड अंगणाकडे, उजेडात वळवलं. तिची बोटं नाचणीच्या भुशानं खरखरीत झाली होती. सुधीरनं श्वास रोखला. कपाळ सैल ठेवलं, ओठ सैल ठेवले, डोळ्यांत काही ठेवलं नाही, निदान त्याला तसं वाटलं. ती बघत राहिली. अक्षरओळख नसलेली ती बाई त्याच्या तोंडावरून हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"अजून तुला कायच ठावं नाय," ती म्हणाली, "नि बग. समदं आलंय."

तिनं हनुवटी सोडली, चहा टाकते म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली. सुधीर उठला आणि ओट्याच्या दुसऱ्या कडेला, घराकडे पाठ करून बसला. आतून तिनं विचारलं, दूध जास्त घालू का. घाल, तो म्हणाला. ती कप घेऊन आली तेव्हा त्यानं वळून न बघताच हात मागे केला.